बुधवारचा खडक

शनिवारी दुपारी पाहुणे येतात.
स्प्लितच्या दगडी धक्क्यावर बॅगांच्या चाकांचा खडखडाट,
मागे रोमन बादशहाचा राजवाडा,
ज्याच्या कमानींतून आता कुणाकुणाचे मोजे वाळतात.
मी खिडकीशी कोबी चिरत चपला मोजते.
अठ्ठावीस. म्हणजे चौदा माणसं.
म्हणजे रात्रीला सात किलो मासे.
या उन्हाळ्यातली ही बाविसावी खेप.

आमची 'फुमिया' लाकडाची. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक.
तख्तपोशीवरून हात फिरवतात, फोटो काढतात.
येर्को, आमचा तांडेल, त्यांना सांगत नाही
की हिच्या पोटात आधी वाइनची पिंपं असायची,
मग वाळू, मग कितीतरी वर्षं सिमेंट,
आणि आज जिथे सात नंबरची केबिन आहे
तिथे एका फेब्रुवारीत बारा गाढवं उभी होती.
डोंगराकडून बुरा सुटलेला, लाटा डेकवर,
आणि एकही ओरडलं नाही.
मला हे त्याच्या बापाने सांगितलं.
सात नंबरच्या उशीला अभ्रा घालताना
मी आजही जरा बाजूला सरकते.

रविवार-सोमवारचं मला विचारू नका.
तेव्हा कांदे असतात.

मंगळवारी विस.
पूर्वी इथे फौज होती, परदेशी पावलाला मज्जाव.
डोंगर पोखरून पाणबुड्या लपवायचे
त्या भुयारात पाहुणे पोहतात, हाका मारतात,
आणि भुयार त्यांची हाक त्यांनाच परत करतं,
थोडी कापून,
आमच्या गावच्या दुकानदारासारखं.

बुधवारी, लास्तोवोच्या अलीकडे, तो खडक येतो.
बेट म्हणायचं तर म्हणा.
दोन खुरटी झुडपं, पाखरांची शीट,
नकाशावर माशी बसून गेल्यासारखा ठिपका.
आणि दर बुधवारी कुणीतरी विचारतंच,
कप्तान, याचं नाव काय?

येर्को सुकाणूवरचा हात काढत नाही.
डोळे बारीक करतो, जणू आठवतोय, आणि सांगतो.
मेमध्ये ते 'विंका' होतं, त्याची पहिली बायको.
जूनमध्ये त्या डॉक्टरचं नाव, ज्याने गुडघा बिघडवला.
एकदा 'हप्ता'. म्हणाला, हा काही केल्या बुडवता येत नाही.
पाहुणे माना डोलवतात. काही जण लिहूनही घेतात.

या खेपेला नॉर्वेच्या गुनवोर बाई होत्या.
नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर येऊन गेलेल्या,
आता एकट्या, कापडी टोपी, काखेत जुनी वही.
खडक दिसला तशी कुणी विचारायच्या आतच
त्यांनी बोट दाखवलं, शेजारच्यांना म्हणाल्या,
"तो पाहा, दुये."

इंजिनाचा आवाज एकदम खाली आला.
मी बाहेर आले, हातात माशाची सुरी.
सतरा वर्षं या माणसाचं जेवण मी रांधते,
त्याला मीठ किती, झोप किती, उधारी किती, सगळं ठाऊक.
हे नाव नव्हतं.
येर्को समोर बघत होता.
बाई वहीचं पान पुढे करत होत्या,
शाई पसरलेली, खाली तारीख,
त्यांना वाटलं त्याला चष्मा लागत असेल.

रात्री त्याने सूप परत पाठवलं नाही,
प्यायलाही नाही.
मी ताटली उचलली. कोण, असं विचारलं नाही.

गुरुवार, शुक्रवार, पाइनचा वास, पोस्टकार्डं.
शनिवारी चादरी बदलल्या, नवे चपलांचे जोड आले,
पंचवीस; कुणाची तरी एक धक्क्यावरून पाण्यात पडली,
तो पोरगा आठवडाभर अनवाणीच हिंडला.

बुधवारी त्यानेच विचारलं.
कप्तान, याचं नाव काय?
येर्कोला वाऱ्यात ऐकू आलं नसावं.
पोरगा थांबून राहिला. खडक जवळ आला, शेजारी आला,
मागे पडू लागला.

मग मीच ओले हात पुसत दारातून सांगितलं,
"अजून ठरायचंय."